ऑइलच्या दिव्याचं कूळ

डॅशबोर्डवर 'ऑइल बदला' अशी सूचना आली की बहुतेकांना वाटतं, इंजिनात कुठंतरी सेन्सर असणार आणि त्यानं ऑइल तपासूनच हा निकाल दिला असणार. बहुतेक गाड्यांमध्ये ऑइलची प्रत तपासणारं काहीही नसतं. काही गाड्या नुसते किलोमीटर आणि महिने मोजतात. त्यांचं कूळ सरळ आहे. फोर्डच्या मॉडेल टीच्या पुस्तिकेत पहिलं ऑइल 400 मैलांनी आणि पुढं दर 750 मैलांनी बदलायला सांगितलं होतं. गॅरेजवाला आजही पुढच्या सर्व्हिसिंगचा आकडा स्टिकरवर लिहून देतो, तो याच घराण्यातला.

पण ज्या गाड्या ऑइलचं उरलेलं आयुष्य टक्क्यांत दाखवतात, त्यांचं घराणं वेगळं. जनरल मोटर्सची मूळ पद्धत चाकांनी कापलेलं अंतर मोजत नाही, ती इंजिनाचे फेरे मोजते. हे वाचलं आणि मला एकदम ट्रॅक्टर आठवला.

1950 साली फोर्डच्या 8एन ट्रॅक्टरवर 'प्रूफमीटर' नावाची तबकडी आली. काटा इंजिनाचे फेरे दाखवायचा आणि त्याच तबकडीत कामाचे तास साठायचे. हे तास घड्याळाचे नव्हेत. आपल्याकडच्या केबलवर चालणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरवरही हेच दिसतं. रोटाव्हेटरला जुंपून ठरलेल्या आरपीएमवर चालवला, तर मनगटावरचा तास आणि मीटरचा तास जुळतो. बांधाला नुसता घुरघुरत उभा ठेवला, तर घड्याळाचा तास भरतो आणि मीटर निम्म्यावरच रेंगाळतो. कारण मीटरला वेळ कळतच नाही, त्याला फक्त फेरे कळतात. शेतकरी ऑइल बदलतो ते याच तासांवर, साधारण अडीचशे झाले की. ट्रॅक्टर दिवसभरात किती किलोमीटर गेला, याच्याशी ऑइलचं काही देणंघेणं नसतं.

आता मोटारीकडं येऊ. जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत शर्ली श्वार्ट्झ या रसायनशास्त्रज्ञ होत्या. डोनाल्ड स्मोलेन्स्की यांच्यासोबत त्यांनी 1987 साली ऑइल बदलाच्या स्वयंचलित सूचनेवर निबंध मांडला आणि 1988 च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत ती पद्धत आली. त्यांचं खरं मोठेपण यात की त्यांनी सगळे फेरे सारख्या मोलाचे धरले नाहीत. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन गरम असेल तर ते वाफ होऊन निघून जातं. थंडीत चार पावलांवरच्या दुकानापर्यंत गाडी नेली आणि बंद केली, तर त्यातलं काही पाणी आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. उलट घाटात ओझं ओढताना ऑइल तापतं, त्याचं ऑक्सिडेशन होतं आणि ते दाट व्हायला लागतं. म्हणून अति थंड किंवा अति गरम ऑइलमधला प्रत्येक फेरा हिशेबात जास्त किमतीचा धरायचा आणि मोकळ्या हायवेवरचा कमी किमतीचा. ऑइल तपासण्याऐवजी त्यानं सोसलेल्या कष्टांची वही ठेवायची, ही कल्पना मला फार सुंदर वाटते. ऑइल काळं पडलं म्हणजे संपलं, ही समजूतही इथं गळून पडते. डिझेल इंजिनात नवं ऑइलसुद्धा थोड्याच दिवसांत काजळीनं काळं होतं. काजळी अंगावर घेऊन फिरणं हे त्याचं कामच आहे.

पहिलेपणाचा मान बीएमडब्ल्यूचा, असं सांगणारे पुष्कळ आहेत. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या गाड्यांत पाच हिरवे दिवे असायचे. ते एकेक करून विझायचे, मग पिवळा आणि शेवटी लाल लागायचा. त्यामागचं गणितही निव्वळ अंतराचं नव्हतं. तारखेनं हा दावा खरा आहे आणि दिव्याचा मान मी त्यांना देतो. पण ते दिवे सर्व्हिसिंगचे होते. ऑइल नेमकं कशानं मरतं याचं रसायन हिशेबात मांडलं ते श्वार्ट्झबाईंनी. 1990 च्या दशकाच्या अखेरीस मर्सिडीझनं ऑइलचे विद्युत गुणधर्म मोजणारा सेन्सर खरोखरच बसवला. तो वंश मात्र वेगळा, त्याला या कुळात ओढू नये.

8एन ट्रॅक्टर हायलंड पार्कमध्ये बनायचा आणि जनरल मोटर्सची संशोधनशाळा वॉरनमध्ये. दोन्ही ठिकाणं डेट्रॉइटच्या परिसरातली. इंजिनाचं वय फेऱ्यांवर धरायचं, ही समज मोटारीत शेतातूनच आली असावी, असं मला वाटतं, पण त्याचा थेट पुरावा माझ्याकडं नाही. दोन्ही मीटरांची उणीव मात्र सारखीच आहे. ट्रॅक्टरच्या मीटरला ऑइल बदललं की नाही हे कळत नाही, मालकाला तास लिहून ठेवावे लागतात. मोटारीचंही तेच. जनरल मोटर्सच्या कितीतरी गाड्यांत चावी फिरवायची, इंजिन सुरू न करता पाच सेकंदांत तीनदा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सोडायचा, की आकडा पुन्हा शंभर टक्के होतो, मग ऑइल जुनंच असलं तरी.