शौकिनांच्या यादीबाहेरची वाहने

मोटारसायकलच्या शौकिनांची मैफल जमली, की काही नावे हमखास निघतात. बुलेटचा ठोका, येझदीचे दोन सायलेन्सर, १९८५ साली आलेल्या यामाहा आरएक्स-१००ची झेप. धाराशिव जिल्ह्याच्या, म्हणजे २०२३ पर्यंत ज्याला उस्मानाबाद म्हणत त्या जिल्ह्याच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे ज्या गाड्यांनी ओझी वाहिली, त्यांचा उल्लेख या मैफलीत झालाच तर विनोदापुरता होतो. लूना आणि एम-८० या त्या दोन गाड्या.

जिल्ह्यात आठ तालुके आहेत. रेल्वे मात्र मोजक्याच गावांना स्पर्श करते. भूम, परंडा, वाशी, लोहारा येथील माणसाला एसटी पकडायची किंवा स्वतःचे वाहन काढायचे, असे दोनच मार्ग उरतात. एसटी माणसांना नेते, पण पहाटेच्या धारांचे दूध तिच्या वेळापत्रकाची वाट पाहत नाही. भूम-वाशीचा पट्टा खव्यासाठी प्रसिद्ध आहे आणि कुंथलगिरीचा पेढा दूरवर जातो. या व्यवसायाची पहिली पायरी म्हणजे वस्तीवरून भट्टीपर्यंत येणाऱ्या दुधाच्या किटल्या. त्या वाहणाऱ्या गाडीला वेग नसला तरी चालतो. ती खडीच्या वाटेवरून जावी, कमी पेट्रोल प्यावी आणि गावातल्या मिस्त्रीला दुरुस्त करता यावी, एवढीच तिच्याकडून अपेक्षा असते.

लूना १९७२ मध्ये आली. फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने इटलीतील पियाजिओच्या ‘चाओ’ या मोपेडवरून ती घेतली आणि अहमदनगरच्या कारखान्यात तिचे उत्पादन सुरू केले. इंजिन पन्नास सीसीचे, गिअर नाहीत, क्लच आपोआप लागणारा आणि सायकलसारखी पॅडल. शहरी तरुणाला हीच पॅडल हास्यास्पद वाटत. पण चढणीवर इंजिन दमले तर त्याला पायांची मदत देता येई आणि पेट्रोल संपले तर गाडी सायकलसारखी चालवत घर गाठता येई. पेट्रोलपंप तालुक्याच्या गावीच असण्याच्या काळात ही सोय साधी नव्हती.

बजाजची एम-८० ही १९८६ ची. स्कूटरपेक्षा मोठी चाके, हातातले गिअर आणि मोपेडपेक्षा अधिक ताकदीचे दोन-स्ट्रोक इंजिन. तिच्यावर दोन्ही बाजूंना किटल्या, मागे पेंडीचे पोते आणि मध्ये कसाबसा बसलेला मालक असे दृश्य मराठवाड्यात कोणी पाहिले नसेल, असे वाटत नाही. क्षमतेपलीकडे लादलेल्या अशा गाडीला तिचे छोटे ब्रेक पुरे पडत नाहीत, ही शौकिनांची तक्रार मात्र रास्त आहे. पुणे-हैदराबाद महामार्ग नळदुर्ग-उमरग्यावरून जातो. तेथे मालमोटारींच्या रांगेत असे वाहन चालवणे जिवाशी खेळच. दोष अर्थात गाडीचा कमी आणि तिच्याकडून मालमोटारीचे काम करून घेणाऱ्या गरजेचा जास्त.

बुलेटवाल्यांनाही एक अपवाद ठाऊक आहे : डिझेलवर चालणारी ‘टॉरस’. ३२५ सीसीचे इंजिन असूनही ताकद जेमतेम साडेसहा अश्वशक्ती, आवाज पाण्याच्या पंपासारखा आणि वेग बेताचा. शेतकऱ्याने ती घेतली ती डिझेल स्वस्त होते म्हणून. त्या वेळी तिला नाके मुरडणारे शौकीन आज तिचे सुटे भाग शोधत फिरतात! प्रदूषणाचे निकष कडक झाल्यावर २०००च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. दोन-स्ट्रोक मोपेडही त्याच वाटेने गेल्या. धुराबाबतचा निर्णय योग्यच होता. पण हिरो होंडाच्या सीडी-१०० पासून सुरू झालेल्या चार-स्ट्रोक मोटारसायकलींनी त्यांची जागा घेतली, तेव्हा इंधनाची बचत टिकली आणि पायांपुढची ओझ्याची जागा गेली. तेथे आता पेट्रोलची टाकी आली. टीव्हीएसची एक्सएल अजूनही का खपते, याचे उत्तर या मोकळ्या जागेत आहे.

दुचाकी आणि मोटार यांच्यामधल्या वाहनाला तर कायद्यातच जागा शोधावी लागते. वाळूजला बनणारी बजाजची ‘क्यूट’ ही २१६ सीसीची चारचाकी महाराष्ट्रात खासगी ग्राहकांसाठी २०१९ मध्ये आली. त्याआधी ‘क्वाड्रिसायकल’ असा स्वतंत्र वर्ग निर्माण करण्यात आणि तो खासगी वापराला खुला करण्यात वर्षे गेली. कमाल वेग ताशी ७० किलोमीटर. मोटारप्रेमींना ती रिक्षा वाटली आणि रिक्षावाल्यांना महाग. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी दुचाकीसारख्या किकवर सुरू होणारी छोटी जीप घरीच बनवली, तेव्हा तिचे कौतुक देशभर झाले. पण ती नियमांत बसणारी नव्हती. जानेवारी २०२२ मध्ये महिंद्र कंपनीने त्यांना बोलेरो देऊन ती जीप आपल्याकडे घेतली.

फेब्रुवारी २०२४ मध्ये लूना परतली, या वेळी विजेवर. १६ इंची चाके, दीडशे किलो ओझ्याची क्षमता, एका चार्जिंगमध्ये सुमारे ११० किलोमीटरचा दावा आणि सुरुवातीची किंमत सत्तर हजारांच्या आत. जुन्या लूनाचा गुण ओळखून पायांपुढची जागाही मोकळी ठेवलेली आहे. पॅडल मात्र गेली. बालाघाटच्या चढणीवर बॅटरी उतरली तर गाडी ढकलतच न्यावी लागेल, आणि भूमचा दूधवाला गाडी पाहायला आला की वेगाची चौकशी न करता आधी वस्तीवरची वीज रात्री किती तास असते, याचा हिशेब मांडेल.