वयस्कर मांजरांची सांधेदुखी

डिसेंबर-जानेवारीत अहिल्यानगरचा पारा अनेकदा दहा अंशांखाली उतरतो. अशा दिवसांत घरातील वृद्धांप्रमाणेच म्हाताऱ्या मांजराचेही सांधे आखडतात. माणूस कण्हतो, मांजर मात्र दुखणे लपवते. त्यामुळे त्याची मंद हालचाल म्हातारपणाच्या नावावर खपून जाते.

वास्तविक हा आजार अतिशय सार्वत्रिक आहे. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बारा वर्षांवरील १०० मांजरांच्या क्ष-किरण चित्रांपैकी ९० मध्ये सांध्यांची झीज आढळली. कोपर, खुबा, गुडघा आणि पाठीचा कणा ही तिची प्रमुख ठिकाणे होत.

लक्षणे

मांजर लंगडेलच असे नाही. उंच कपाटावर वा खिडकीत उडी मारणे ते सोडते, जिना चढताना थांबते, पाठीवरील केस चाटत नाही, नखे वाढू देते, मलमूत्राच्या ट्रेबाहेर घाण करते किंवा उचलताच गुरगुरते.

घातक उपचार

घरातील पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. हे औषध निष्प्रभ करणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात अपुरी असते. त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते, हिरड्या तपकिरी पडतात व चेहरा सुजतो. जिल्हा दुधाचा असल्याने अनेक घरांत गाई-म्हशींची औषधे असतात; तीही मांजराला देऊ नयेत. गिधाडांच्या ऱ्हासास कारणीभूत ठरलेल्या डायक्लोफिनॅकच्या जनावरांसाठीच्या वापरावर तर भारतात २००६ मध्येच बंदी आली.

योग्य उपचार

मेलॉक्सिकॅम हे औषध पशुवैद्यक मांजराच्या वजनानुसार अत्यल्प मात्रेत देतात. वृद्ध मांजरांत मूत्रपिंडाचे विकार वारंवार आढळत असल्याने त्याआधी रक्त व लघवीची तपासणी आवश्यक ठरते. महिन्यातून एकदा टोचण्याच्या फ्रुनेव्हेटमॅब या औषधाला अमेरिकेत जानेवारी २०२२ मध्ये मान्यता मिळाली. ते वेदनेचा संदेश वाढविणाऱ्या प्रथिनाला अडवते.

घरातील सोय

निम्मा उपचार घरातच होतो. गार शहाबादी फरशीऐवजी उबदार जागी जाड गोधडी अंथरावी. आवडत्या खिडकीखाली पाट किंवा स्टूल ठेवून पायऱ्या कराव्यात. ट्रेची एक कड बुटकी असावी. अन्न-पाणी जिना न चढता मिळावे. नखे वेळोवेळी कापावीत. लठ्ठ मांजराचे वजन हळूहळू उतरवावे. त्याला उपाशी मात्र ठेवू नये, कारण त्यातून यकृताचा गंभीर विकार उद्भवतो.

दवाखान्यात घाबरलेले मांजर अंग चोरून बसते आणि दुखणे दिसत नाही. म्हणून घरातील त्याच्या चालण्या-चढण्याचे मोबाइलवर चित्रण करून ते पशुवैद्यकांना दाखवावे. दहा वर्षांवरील मांजराची वर्षातून दोनदा तपासणी करून घेणे हितावह होय.