शाळेबाहेरची वाणी

मुळशी तालुक्यातील जांबे हे गाव आमच्या श्रोत्यांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. हिंजवडी, मारुंजी, नेरे ही त्याची शेजारची गावे. शेतीवर जगणारे हे गाव आता शहराच्या कडेला येऊन टेकले आहे. की शहरच गावाला येऊन टेकले आहे, हे सांगणे कठीण. तिथे एका स्नेह्यांकडे आम्ही गेलो असता त्यांच्या नऊ वर्षांच्या नातीने आम्हांस पाणी आणून दिले, समोर बैठक मारली आणि विचारले, "आजोबा, तुम्ही शाळेत होता तेव्हा तुम्हांला बोलू द्यायचे का?" आम्ही म्हटले, "विचारले म्हणजे बोलू देत." त्यावर ती म्हणाली, "आणि तुम्हांलाच काही विचारायचे असले तर?"

ही मुलगी शाळेत जात नाही. आईबाप तिला घरी, शेतात, बाजारात, जिथे ते स्वतः असतील तिथे शिकवतात. तिच्या आजीला मात्र घोर लागलेला. "उद्या चारचौघांत ही काय बोलेल हो?" असे त्या आम्हांस दाराशी हळूच विचारीत होत्या. आम्हांस तर नातीच्या प्रश्नाचेच उत्तर सुचले नव्हते. आजचे व्याख्यान हे त्या आजींना आणि त्या नातीला, दोघींनाही द्यावयाचे राहिलेले उत्तर आहे असे समजावे.

प्रथम आपल्याकडेच पाहू. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली आणि ती चालविणाऱ्या सभेचे नाव आहे वक्तृत्वोत्तेजक सभा. नावाकडे लक्ष द्या. शाळा-कॉलेजांतून शिकून बाहेर पडलेल्या मोठ्या माणसांनाही बोलण्यासाठी उत्तेजन द्यावे लागते, हे त्या पिढीने मान्य केले होते. शाळेने त्यांना लिहिणे, वाचणे, पाठ म्हणणे शिकविले होते. बोलण्यासाठी निराळी सभा भरवावी लागली. आपण दरसाल उन्हाळ्यात येथे जमतो, हेही एका अर्थी शाळेबाहेरचेच शिक्षण होय.

आता ज्या बाईची कथा आम्ही सांगणार आहोत तिने लहानपणी शाळेचा उंबरठा पाहिला नाही, आणि विसाव्या वर्षी कलकत्त्याच्या पंडितांपुढे बसून ती संस्कृतात त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देत होती. पंडिता रमाबाई हे नाव उच्चारताच धर्मांतराचा वाद आठवणारी माणसे अजून आहेत. तो वाद आज बाजूला ठेवू. आम्हांस पाहावयाचे आहे ते एवढेच की ही वाणी आली कुठून.

गोष्ट सुरू होते ती तिच्या वडिलांपासून. अनंतशास्त्री डोंगरे विद्यार्थिदशेत पुण्यास होते. त्यांचे गुरू दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीस संस्कृत शिकवीत. पेशव्यांच्या घरची बाई संस्कृत शिकते, तर आपल्या घरची का शिकू नये, असे या तरुणाच्या मनाने घेतले. पहिल्या पत्नीला शिकविण्याचा बेत घरच्या विरोधापुढे टिकला नाही. ती वारल्यावर त्यांनी चाळिशी उलटल्यावर नऊ वर्षांच्या लक्ष्मीबाईशी लग्न केले. वयातील हे अंतर आज आपल्याला टोचते, टोचलेच पाहिजे. पण त्या मुलीला त्यांनी खरोखरच शिकविले. बायकांना देवभाषा शिकविण्याचा अधिकार आहे काय, याबद्दल धर्मसभेपुढे त्यांना जाब द्यावा लागला. त्यांनी तो शास्त्राधारे दिला. पुढे सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे त्यांनी आश्रमासारखे घर बांधले. तिथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

मूल सहा महिन्यांचे होते न होते तोच कुटुंबाने ते घर सोडले. तान्ह्या रमेला वेताच्या पेटीत घालून डोक्यावरून नेले, असे त्या स्वतः सांगतात. त्यानंतर वर्षानुवर्षे तीर्थयात्रा. देवळात किंवा नदीच्या घाटावर पोथी उघडावयाची, पुराण वाचावयाचे, आणि ऐकणारे जे पोथीपुढे ठेवतील त्यावर निर्वाह करावयाचा. आईबाप वाचीत, पुढे मुलेही वाचू लागली. वडील थकल्यामुळे रमेला शिकविण्याचे काम आईकडे आले. दिवसभर घरकाम आणि प्रवास, तेव्हा शिकविणार कधी? म्हणून ती माउली झुंजुमुंजू होण्याआधी मुलीला जागे करी. आठव्या वर्षापासून सुमारे पंधराव्या वर्षापर्यंत हा पाठ चालला. भागवताचे अठरा हजार श्लोक, व्याकरण, कोश, सारे मुखोद्गत.

येथे थोडे थांबले पाहिजे. शाळेविना शिक्षण म्हणजे मुलाने मनास येईल ते करावे, असे समजून जे आज रमाबाईंचे उदाहरण देऊ पाहतील त्यांची फसगत होईल. हे शिक्षण कडक होते. पाठांतर तर असे की आजच्या कोणत्याही शाळेने लाजावे. मग पाठांतराने मूल पोपट होते हा आपला नेहमीचा सिद्धांत येथे का लागू पडला नाही?

आमच्या समजुतीप्रमाणे त्याचे कारण श्लोकांत नाही, त्या पोथीपुढे जमणाऱ्या माणसांत आहे. शाळेत पाठ केलेले मास्तरांना म्हणून दाखवावयाचे असते, आणि मास्तरांना ते आधीच ठाऊक असते. मूल जे सांगते त्याची ऐकणाऱ्याला मुळी गरजच नसते. रमेचे तसे नव्हते. आज एका गावचा घाट, उद्या दुसऱ्या गावचे देऊळ. भाषा बदललेली, माणसे अनोळखी. घरात मराठी, भोवती कानडी, पुढे हिंदुस्थानी आणि बंगाली. समोर कोण बसले आहे, त्याला काय ऐकावयाचे आहे, तो कुठे कंटाळला, कुठे त्याने मान डोलावली, हे त्या मुलीला रोज पाहावे लागे. आणि रात्री वडील-आई-भाऊ-बहीण यांच्यात ती शास्त्राविषयी ऐकत असे ते मुलांसाठी सोपे करून सांगितलेले नव्हे, तर मोठ्यांचे खरे बोलणे असे. ज्या घरात मुलाच्या उत्तराची वाट पाहिली जाते, त्या घरातील मूल बोलते.

आपल्या नैयायिकांनी बोलण्याचे तीन प्रकार केले आहेत: सत्य शोधण्यासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचे काहीच न मांडता दुसऱ्याचे नुसते खोडावयाचे ती वितंडा. वक्तृत्वस्पर्धेत ढाल मिळविणारी आमची मुले जल्पात तरबेज होतात, हे आम्ही परीक्षक म्हणून पुष्कळ वेळा पाहिले आहे. 'अनुकूल बोलू की प्रतिकूल?' असे विचारतात आणि दोन्ही सारख्याच आवेशाने बोलतात! वादाची गोष्ट निराळी. त्यात आपले मत बदलण्याची तयारी ठेवावी लागते. रमाबाईंच्या आयुष्यभराच्या बोलण्यात ही तयारी दिसते. ज्या धर्मग्रंथांवर त्या वाढल्या त्यांनाच त्यांनी प्रश्न विचारले, आणि पुढे इंग्लंडात १८८३ साली ख्रिस्ती झाल्यावर तेथील धर्मगुरूंनाही सोडले नाही. आपल्या हितचिंतक भगिनींशी त्यांनी केलेला पत्रव्यवहार छापलेला आहे. सांगितले म्हणून मानावयाचे, ही सवय त्यांना तिथेही लागली नाही. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे यास बिशपांनी हरकत घेतली, तेव्हाही त्या गप्प बसल्या नाहीत.

पण या विद्येची किंमत काय पडली, तेही सांगितले पाहिजे. पोथीपलीकडचे जग आईबापांनी मुलांना दाखविलेच नाही. हिशेब, व्यवहार, हातचे काम, काही नाही. दुष्काळ आला, दक्षिणा थांबली, दागिने-भांडी विकून झाली, आणि सबंध कुटुंब उपाशी फिरू लागले. म्हाताऱ्या वडिलांच्या मनात जलसमाधी घेण्याचे आले, तेव्हा मुलगा श्रीनिवास म्हणाला की मी जातीचा अभिमान सोडून मजुरी करीन. फार उशीर झाला होता. वडील गेले, थोड्याच दिवसांत आई गेली, थोरली बहीणही गेली. आईची तिरडी उचलण्यास चौथा माणूस मिळेना, म्हणून रमाबाई पुढे झाल्या. त्या ठेंगण्या होत्या. खांद्याला खांदा लागेना, तेव्हा तिरडीची आपली बाजू त्यांनी डोक्यावर घेतली. घरच्या शिक्षणाचे गोडवे गाताना हे दृश्य आम्ही विसरू शकत नाही.

उरलेली दोघे भावंडे पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोचली. तेथे पंडितांनी परीक्षा घेतली आणि 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली गृहस्थांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८२ च्या फेब्रुवारीत ते पटकीने गेले, आणि काही महिन्यांच्या लेकीला, मनोरमेला, घेऊन त्या पुण्यास आल्या.

पुण्याने अशी बाई पाहिली नव्हती. त्यांनी आर्य महिला समाज काढला. श्रोतृवर्गात रमाबाई रानडे होत्या, ज्यांचे स्वतःचे शिक्षण लग्नानंतर नवऱ्याजवळ, घरातील वडीलधाऱ्या बायकांचा रोष सोसून झाले होते. त्यांनी आपल्या आठवणींत त्या दिवसांबद्दल लिहिले आहे. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी अवश्य वाचावे.

आणि त्याच १८८२ साली ज्या प्रसंगाकडे आम्ही इतका वेळ येत होतो, तो घडला. सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर साहेबांचे कमिशन नेमले होते. ते पुण्यास आले तेव्हा रमाबाईंची साक्ष झाली. शाळेत एक दिवसही न गेलेली चोवीस वर्षांची विधवा शाळांविषयी सरकारला सांगत होती. आईने पहाटे उठवून शिकविले तसे घरोघर शिकवा, असे तिने सांगितले असेल असे वाटते ना? तिने सांगितले ते असे: मुलींच्या शाळांसाठी स्त्री शिक्षिका तयार करा, शाळांवर स्त्रियांना तपासनीस नेमा, स्त्रियांना वैद्यक शिकवा.

त्याच वर्षी त्याच कमिशनपुढे पुण्याच्याच आणखी एका गृहस्थाचे निवेदन गेले. जोतीराव फुल्यांनी मागितले की निदान बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे. सक्तीचे! शाळेबाहेर विद्वान झालेली बाई आणि शाळेसाठी शेणमार सोसलेल्या घरातील हा पुरुष, दोघांनीही शाळाच मागितली.

का, हे समजण्यासाठी सत्तावीस वर्षे मागे गेले पाहिजे. १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध छापून आला. लिहिणारी होती फुल्यांच्या शाळेतील मुक्ता नावाची मांग समाजातील कोवळ्या वयाची मुलगी. वेद जर फक्त ब्राह्मणांचे, तर आमचे धर्मपुस्तक कोणते, आणि ते नसेल तर आमचा धर्म तरी कोणता, असा सवाल तिने विचारला होता. हा वाद आहे, जल्प नव्हे. तिच्या घरी अनंतशास्त्री नव्हते, पोथी नव्हती, आणि पोथी असती तरी तिला शिवू दिली नसती. तिची वाणी ऐकणारी माणसे तिला शाळेत भेटली. रमेला देवळाच्या पायरीवर जे मिळाले, ते मुक्तेला शाळेच्या सतरंजीवर मिळाले. देवळाची ती पायरी मुक्तेला बंद होती.

म्हणून जांब्याच्या आजींना आम्ही असे सांगू, की नात चारचौघांत बोलेल याची खात्री बाळगा; ती आताच आमच्यासारख्याला निरुत्तर करते. चिंता करावयाची तर निराळी करा. तिला ते चारचौघे रोज भेटतात काय? आपल्या जातीचे, आपल्या मिळकतीचे, आपल्या मताचे नसलेले? रमेला वडिलांच्या भटकंतीने ते भेटविले. देहूच्या वाटेवरील या गावांत कीर्तनाचे मंडप पडतात, सप्ताह बसतात, बाजार भरतो, आणि आता परप्रांतांतून आलेली बिऱ्हाडेही पुष्कळ आहेत. तेथे ती मुलगी जाते काय? घरात एकटीशीच बोलणारे मूल हुशार होईल, पण त्याला आपले म्हणणे कधी खोडून निघाल्याचे ठाऊक नसते. आणि आईबापांना वेळ आहे, विद्या आहे, पोटाची चिंता नाही, म्हणून हे चालते, हेही उघड आहे. शेजारच्या वीटभट्टीवरच्या मुलीला घरीच ठेवले तर तिच्या वाट्यास लहान भावाला सांभाळणे येईल.

तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व पुढे कोसबाड येथे जे केले ते या दृष्टीने फार विचार करण्याजोगे आहे. मुले शाळेत येत नाहीत म्हणताच त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात. शाळा की घर, हा प्रश्नच त्यांनी तेवढ्यापुरता मोडीत काढला. त्यांच्यावर स्वतंत्र व्याख्यान झाले पाहिजे.

रमाबाईंनी १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिले. ते त्यांनी आपल्या आईच्या, लक्ष्मीबाईंच्या, स्मृतीस अर्पण केले आहे. दोन वर्षांनी मुंबईस शारदा सदन उघडले. तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे. आणि स्वतःच्या मुलीचे शिक्षण? मनोरमेला त्यांनी पहाटे उठवून घरी शिकविले नाही. इंग्लंड-अमेरिकेत शाळेत घातले, आणि ती पुढे शारदा सदनाची मुख्याध्यापिका झाली.