कालवे आणि कायदा
आपल्या परिचयाचे कालव अमेरिकेतील मेरिलँड राज्यात एके काळी मोठी संपत्ती ठरले. चेसापीक उपसागराचा तळ खरवडणाऱ्या लोखंडी जाळ्यांवर तेथे १८२० साली बंदी आली. १८६५ साली मात्र शिडाच्या जहाजांना परवाना घेऊन ती मुभा मिळाली. कायदा मोडणाऱ्यांना आवरण्यासाठी १८६८ साली राज्याने खास जलपोलीस दल उभारले. तरीही १८८४-८५ च्या हंगामात सुमारे दीड कोटी बुशेल कालवे उपसली गेली. तेवढे उत्पन्न पुन्हा कधी मिळाले नाही. १८९० च्या कायद्याने लहान कालवे व रिकामे शिंपले जागीच परत टाकण्याची सक्ती केली, कारण कालवांची पिले जुन्या शिंपल्यांना चिकटून वाढतात. शहाणपण आले, पण उशिरा. लांब चिमट्यांनी पोटापुरते काढणारा गरीबही त्या हव्यासात भरडला गेला. जे सर्वांचे, ते राखणेही सर्वांचेच कर्तव्य, असे आम्हांस वाटते.