उशी, उशीर आणि हिसका

इरुंगाट्टुकोट्टै हे नाव मराठी जिभेला अवघड वाटते, पण फोड केली की थोडेफार ओळखीचे निघते. तमिळमध्ये ‘काडु’ म्हणजे रान. पुढे दुसरे पद आले की त्याचे ‘काट्टु’ होते. आधीच्या ‘इरुम्’ला मोठेपणा आणि काळेपणा असे दोन्ही अर्थ आहेत, तेव्हा हा दाट रानातला कोट असावा. ‘कोट्टै’ तर आपला कोटच. संस्कृतातला ‘कोट्ट’ द्राविड भाषांकडून उसना घेतलेला दिसतो. रान आता नावापुरतेच उरले आहे. चेन्नईहून श्रीपेरुंबुदूरकडे जाताना लागणाऱ्या या कोटात १९९८ पासून ह्युंदाईच्या मोटारी तयार होतात. पहिली आली ती सॅन्ट्रो. याच कंपनीने २०२३ साली आपल्या तळेगावचा, पूर्वी जनरल मोटर्सचा असलेला कारखाना घेण्याचा करार केला. तिथला कोट काय किंवा इथले तळे काय, सीटच्या माथ्यावरच्या त्या दोन दांड्यांच्या गादीला सगळीकडे एकच नाव आहे : हेडरेस्ट. नियमांच्या पुस्तकातले नाव मात्र वेगळे, ‘हेड रिस्ट्रेंट’. एक शब्द डोक्याला विसावा देतो, दुसरा आवर घालतो. गंमत अशी की पहिला बोलण्यात रुळला आणि दुसरा वस्तूचे काम सांगतो.

मराठीत या वस्तूला चटकन सुचणारा शब्द उशी. संस्कृतात ‘उच्छीर्षक’, म्हणजे उत् अधिक शीर्ष, डोके उचलून धरणारे ते. प्राकृतात ते ‘उस्सीस’ झाले आणि मराठीत ‘उशी’. अंथरुणाची डोक्याकडची बाजू ती ‘उसे’; ‘उशाशी तांब्या ठेव’ म्हणतो त्यात ती टिकून आहे. शीर्ष इतके झिजले की डोके कुठे गेले ते कळतही नाही. दक्षिणेकडे ते अजून धडधडीत दिसते : तमिळ ‘तलैयणै’ आणि कन्नड ‘तलेदिंबु’, दोन्हींच्या आरंभी डोकेच. फारसीने आपल्याला ‘तक्क्या’ दिला. त्याचे मूळ अरबीतल्या रेलण्याच्या अर्थाच्या धातूत आहे. फकिराचे ठिकाण तो ‘तकिया’ही त्याच घरातला, आणि तुर्की दरवेशांचा ‘तेक्के’ही. आपल्या ‘टेकणे’शी तक्क्याचे नाते जोडण्याचा मोह होतो, पण ते साम्य योगायोगाचेच असावे.

उशीशेजारी कोशात ‘उशीर’ येतो, आणि तिथे पाय अडखळतो. तो ‘उत्सूर’ या शब्दापासून आला असावा : सूर्य कलून गेल्यानंतरची वेळ, संध्याकाळ. संस्कृतातला ‘उशीर’ आणखी तिसराच, तो वाळा, तमिळांचा वेट्टिवेर. म्हणजे उशी, उशीर आणि उशीर, तिघांचे कुळ वेगळे. तरीही मोटारीत उशी आणि उशीर यांची गाठ पडते, आणि ती कोशकारांना सुचणार नाही अशी.

मागून गाडी आदळली की सीटची पाठ धडाला पुढे ढकलते. डोक्याला ही बातमी उशिरा पोहोचते. ते जडत्वाने जागच्या जागी राहू पाहते आणि मधल्या मध्ये मानेला दोघांचे भांडण सोसावे लागते. सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास मानेचा खालचा भाग मागे वाकतो आणि वरचा पुढे. मान नागमोडी होते. (नागमोडी हा मराठी शब्द इथे इतका नेमका बसतो की इंग्रजांच्या एस अक्षराची गरज पडू नये.) यानंतर डोके मागे जाते. पाठीमागे उशी जवळ असेल तर ते तिथेच थांबते, लांब किंवा खाली असेल तर उशीर झालेला असतो. अमेरिकेत १ जानेवारी १९६९ पासून पुढच्या सीटना ही उशी सक्तीची झाली. पुढे तिच्या आणि डोक्याच्या मधल्या फटीवरही बंधन आले, ५५ मिलिमीटरचे. सारी कारागिरी त्या फटीत आहे. साब या मोटार कंपनीने १९९७ साली असा तरफेचा खेळ बसवला की धडकेत माणसाची पाठ सीटमध्ये रुतली की तिच्याच दाबाने उशी वर आणि पुढे सरकून डोक्याला भेटायला येते. व्होल्वोने १९९८ मध्ये उलटी युक्ती काढली. तिथे सीटची पाठच माणसाबरोबर थोडी मागे जाते आणि धक्का वाटेत जिरवते. दोन्ही कंपन्या स्वीडनच्या. मानेचा अभ्यास करायला तिथल्या लोकांनी धडकेच्या चाचणीचा जो पुतळा घडवला त्याच्या पाठीला खरोखरच चोवीस मणके आहेत : मानेत सात, छातीमागे बारा, कमरेत पाच.

मणका हा शब्द ‘मणी’पासून आला. आणि मान? ती संस्कृत ‘मन्या’पासून, म्हणजे मानेच्या मागच्या दोन ताठ शिरा. सुश्रुतसंहितेत ‘मन्यास्तंभ’ नावाचा विकार आहे. दिवसा झोपणे, वेडेवाकडे बसणे, मान वाकडी करून वर पाहणे ही त्याची कारणे. तेव्हा आसन आणि मान यांचे वैर जुनेच दिसते. आदर दाखवणारा ‘मान’ पुल्लिंगी आणि वेगळ्या कुळातला, ‘मन्’ म्हणजे विचार करणे यातून आलेला. मान देताना आपण मान लववतो, तो भाग निराळा. ‘मन्या’चे सोयरे मात्र दूरवर पसरलेले आहेत : लॅटिन ‘मोनिले’ म्हणजे गळ्यातला हार, इंग्रजी ‘मेन’ म्हणजे आयाळ. काही जण ‘मणी’लाही या पंगतीत बसवतात. ते खरे असेल तर मान आणि तिच्यातले मणके मुळात भावंडे ठरतात.

‘गर्दन’ फारसी. ती वळण्या-फिरण्याच्या धातूतून निघाली असावी, आणि तो धातू म्हणजे आपला ‘वृत्’ : वर्तुळ, आवर्तन, परिवर्तन यांतला. लॅटिनमध्ये याच मुळापासून ‘व्हर्टेब्रा’ झाला, म्हणजे मणका. फारसी ‘गिर्द’ म्हणजे गोल हाही तिथलाच, आणि बैठकीवरची ‘गिर्दी’, ती गोल उशी, त्याच्या पोटची. तेव्हा गर्दन आणि गिर्दी एका मुळाच्या. गर्दनीला आवर घालायला गिर्दीच यावी यापेक्षा सुबक जोडी कुठे मिळणार?

आता मानेच्या या दुखण्याच्या नावाकडे वळू. एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या धडकांनंतर पाठीची तक्रार सांगणाऱ्यांसाठी ‘रेल्वे स्पाइन’ हे नाव चालत होते. लंडनच्या एरिक्सन या शल्यविशारदाची त्यावरची व्याख्याने १८६६ ची. १९२८ मध्ये हॅरल्ड क्रो या अमेरिकी अस्थितज्ज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका सभेत ‘व्हिपलॅश’, म्हणजे चाबकाचा फटकारा, हा शब्द वापरला. पुढे त्यानेच तक्रार केली की आपण एका हालचालीचे वर्णन केले होते, डॉक्टरांनी, रुग्णांनी आणि वकिलांनी त्याचा रोग करून टाकला.

आपल्याकडे हा शब्द आणायचा तर चाबूक निवडायचा की आसूड, हा प्रश्न. ‘चाबुक’ फारसीत मुळात विशेषण होते : चपळ, चलाख. चपळाई घोड्यात उतरवणारा तो चाबूकस्वार, आणि अशा स्वारांची घराणी आपल्याकडे आडनावात अजून आहेत. हाच शब्द मलय भाषेमार्गे दक्षिण आफ्रिकेत ‘शाम्बोक’ होऊन पोहोचला. ‘आसूड’ म्हटले की पोतराज आठवतो, नाहीतर महात्मा फुले. संस्कृत ‘प्रतोद’ तर विधिमंडळाने पक्षाच्या ‘व्हिप’साठी पळवला. तो ‘तुद्’ म्हणजे टोचणे, यातून आलेला. ज्या संसदेत प्रतोद वावरतो तिच्या नावातला ‘सद्’ म्हणजे बसणे, आणि इंग्रजी ‘सीट’ याच मुळाची. तेव्हा सीट आणि चाबूक यांचे सख्य मोटारीच्या आधीपासूनचे म्हणायचे.

माझे मत विचाराल तर चाबकाच्या मागे लागू नये. एसटीत पुढच्या बाकाची दांडी धरून उभा राहणारा माणूस पिढ्यान्‌पिढ्या ‘मानेला हिसका बसला’ असे म्हणत आला आहे. ‘हिसका’ ध्वनीवरून झालेला दिसतो, झटका आणि गचका यांच्या घरचा. ‘हिसका दाखवणे’ यात थोडी दमदाटीही आहे. क्रोला जी हालचाल सांगायची होती तीच या शब्दात आहे, रोग नाही. गचका अंगभर बसतो, लचक आत भरते. हिसका मात्र एका टोकाला खेचून दुसरे मागे ठेवतो.

वस्तूला मी ‘डोक्याचा टेकू’ म्हणेन. उशी म्हटले की माणूस ती मानेखाली ओढतो. टेकू म्हटले की तो उंचीला पुरतो का, हे आधी बघतो, आणि त्याची वरची कड डोक्याच्या माथ्याच्या उंचीला यावी हे सांगावे लागत नाही. वऱ्हाडात, कोकणात किंवा तंजावरच्या मराठीत ‘हिसक्या’ला किंवा या टेकूला आणखी काही म्हणत असतील, तर वाचकांनी जरूर कळवावे.