ब्लिकलिंगचा वाडा आणि त्याचा धनी

वर्ध्याजवळचें सेगांव अद्याप सेवाग्राम झालें नव्हतें, त्या काळांतील, म्हणजे १९३८ च्या जानेवारींतील ही गोष्ट आहे. महात्माजींच्या आश्रमांत एक ब्रिटिश उमराव येऊन तेथील साध्या घरांत कांहीं दिवस राहिले. १९३२ सालीं हिंदुस्थानांतील मताधिकाराची चौकशी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते, तेच हे लॉर्ड लोथियन. राजकारणांतील त्यांचें नांव आज मागें पडलें. परंतु त्यांनीं आपल्या घराचें काय केलें, हें ऐकण्याजोगें आहे.

त्यांचें हें घर म्हणजे नॉरफोक परगण्यांतील ब्लिकलिंग हॉल. इंग्रज लोक ज्याला ‘कंट्री हाउस’ म्हणतात, तें केवळ खेड्यांतील घर नव्हे. वाडा, बाग, तळें, रान आणि कुळांच्या जमिनी मिळून ती एकच वस्तु होते. जमिनीचा वसूल थांबला कीं वाड्याचें छप्पर गळूं लागतें. ब्लिकलिंगचें बांधकाम सर हेन्री होबार्ट या न्यायाधीशानें १६१९ च्या सुमारास आरंभिलें. स्थपति होता रॉबर्ट लायमिंज. हॅटफील्ड हाउस त्याच्याच हातचें. लाल विटांच्या भिंती, वळणदार त्रिकोणी शिखरें, कोपऱ्यांवर बुरूज आणि येणाऱ्या वाटेच्या दोहों बाजूंस यू वृक्षांचें दाट, कातरलेलें कुंपण, असा त्याचा थाट आहे. आंत १२३ फूट लांबीचें एक दालन आहे. पावसाळी हवेंत घरांतल्या घरांत फेरफटका करावा, हा अशा दालनांचा मूळ हेतु. त्याच्या छतावर चुन्याच्या गिलाव्यांत केलेलें नक्षीकाम पाहतांना मान अवघडते, पण दृष्टि निघत नाहीं. अठराव्या शतकांत तेथें ग्रंथालय मांडलें गेलें. त्यांत बारा हजारांहून अधिक ग्रंथ आहेत. घरालगत आंखीव ताटवे, पुढें विस्तीर्ण तळें आणि त्यापलीकडे मोकळें रान, अशी रचना आहे.

१९३० सालीं हें वैभव लोथियन यांच्याकडे आलें, आणि त्याबरोबर वारसाकराचें प्रचंड ओझेंही आलें. १८९४ पासून हा कर कडक होत गेला होता. तो भरण्यासाठीं त्यांना कांहीं अमोल ग्रंथ १९३२ सालीं न्यूयॉर्कांत विकावे लागले. अनेक घराण्यांची हीच दशा होती. आधीं पुस्तकें जात, मग चित्रें, मग जमीन; शेवटीं वाडा पाडून त्याचे वासे व शिसें विकलें जाई.

१८९५ सालीं स्थापन झालेल्या ‘नॅशनल ट्रस्ट’च्या सभेंत लोथियन यांनीं १९३४ सालीं एक तोडगा मांडला. धन्यानें वाडा उत्पन्नाच्या जमिनीसह या संस्थेस द्यावा; त्यावरील वारसाकर माफ व्हावा; कुटुंबानें वाटल्यास भाडेकरू म्हणून तेथेंच राहावें; आणि जनतेस दारें उघडावीं. १९३७ च्या कायद्यानें या योजनेची वाट मोकळी केली. डिसेंबर १९४० मध्यें लोथियन वॉशिंग्टन येथें राजदूत असतांच निवर्तले, आणि मृत्युपत्रान्वयें ब्लिकलिंग साडेचार हजारांहून अधिक एकर जमिनीसह ट्रस्टकडे गेलें.

कोणी म्हणेल, कुळांच्या घामावर उभारलेले हे उमरावी थाट लोकांनीं कां जपावेत? प्रश्न खोटा नाहीं. परंतु ती नक्षी उमरावानें कोरलेली नाहीं, कारागिरानें कोरली. वाडा पाडला तर उमरावाआधीं त्या कारागिराचेंच नांव पुसलें जातें. विसाव्या शतकांत इंग्लंडांत शेंकडों वाडे जमीनदोस्त झाले. १९७४ सालीं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत त्यांच्या विनाशाचेंच प्रदर्शन भरलें, तेव्हां लोकांस गेलेल्या वस्तूंची मोजदाद कळली.

आमच्या गांवचा दोन चौकांचा वाडा करापायीं गेला नाहीं, वाटणीपायीं गेला. चार भाऊ एका छपराची डागडुजी करण्यास एकत्र येईनात. सागवानी खांब लांकडाच्या व्यापाऱ्यानें नेले, तेव्हां मी शाळेंत मुलांना इंग्लंडचा इतिहास शिकवीत होतों. ब्लिकलिंगचें नांव मला ठाऊक होतें. त्याचा धडा मात्र मीं घेतला नव्हता. घर राखावयाचें तर ‘माझें’ हा शब्द वेळींच सोडावा लागतो. लोथियन यांना तें साधलें. आम्हां भावांना साधलें नाहीं.