कॉफी उकळावी कीं गाळावी?

दारीं आलेल्या पाहुण्यानें ‘चहा नको’ म्हटलें, कीं आपल्या मराठी घरांत कॉफी होते. दूध, पाणी, साखर, चमचाभर पूड आणि वर किसलेलें जायफळ, हें सारें एकाच भांड्यांत रटरटूं द्यावयाचें, ही आपली जुनी रीत. वास घरभर दरवळतो आणि पाहुणा संतोषतो. त्या दरवळण्यावरच एका पंडितानें दोनशें वर्षांपूर्वीं आक्षेप घेतला होता; त्याची हकीकत आज सांगणार आहें.

कॉफी सोळाव्या शतकांत इस्तंबूलला पोंचली. तेथें ती पिठासारखी बारीक दळून, लांब दांड्याच्या लहानशा भांड्यांत पाण्याबरोबरच तापवीत आणि गाळ पेल्याच्या तळाशीं बसूं देत. युरोपनें सतराव्या शतकांत तें पेय उचललें आणि उकळण्याची रीतही उचलली. तुर्की हाताचें कसब मात्र मागेंच राहिलें. इंग्लंडांत तर १६६० पासून कांहीं वर्षें तयार कॉफीवरच गॅलनमागें कर होता. म्हणून ती आधींच करून, मोजून ठेवावी आणि गिऱ्हाईक आलें कीं पुन्हां तापवावी, असा क्रम!

या प्रकाराकडे शास्त्रीय नजरेनें पाहिलें तें काउंट रम्फर्डनें. १७५३ सालीं अमेरिकेंत जन्मलेला बेंजामिन टॉम्सन तो हाच. म्यूनिक येथें तोफेची नळी कोरतांना उत्पन्न होणारी उष्णता पाहून, उष्णता हा पदार्थ नव्हे, असें त्यानें १७९८ सालीं प्रतिपादिलें होतें. असा मनुष्य कॉफीच्या किटलीकडे वळला, तरी चौकस बुद्धि बाहेर ठेवून येत नाहीं. १८१२ सालीं त्यानें कॉफीवर एक निबंधच प्रसिद्ध केला. मुद्दा साधा होता: कॉफीचा सुगंध उडून जाणारा आहे, खोलींत जितका दरवळला, तितका पेल्यांतून गेला. म्हणून पूड उकळूं नये. ती जाळीवर सारखी पसरून दाबावी आणि वरून कढत पाणी हळूहळू झिरपूं द्यावें. खालची कॉफी निवूं नये, यासाठीं भांड्याभोंवतीं उष्ण पाण्याचें वेष्टणही त्यानें योजिलें. झिरपण्याचीं दुमजली भांडीं पॅरिसमध्यें आधींच निघालीं होतीं. त्यांचें श्रेय तेथील आर्चबिशप द बेल्वा यांस देतात.

तरी गाळाचा प्रश्न राहिलाच. धातूच्या जाळींतून चोथा निसटे. फडक्यास कितीही धुतलें तरी खवट वास राही. ड्रेस्डेन येथील मेलिटा बेंट्स या गृहिणीनें पितळी भांड्याच्या बुडास खिळ्यानें भोकें पाडलीं आणि मुलाच्या वहींतील टीपकागद त्यांत बसविला. १९०८ च्या जूनमध्यें बर्लिनच्या पेटंट कचेरींत त्याची नोंद झाली. डिसेंबरांत तिचा व्यवसाय नोंदला गेला, तो ७३ फेनिगांच्या भांडवलावर, म्हणजे पुरत्या एका मार्कावरही नव्हे. वही, खिळा आणि कॉफीचें भांडें जेथें एकाच हाताखालीं असतें, तेथेंच हा शोध लागावा, यांत मला नवल वाटत नाहीं.

त्या कागदाचा आणखी एक गुण तिला ठाऊक असणें शक्य नव्हतें. नॉर्वेच्या उत्तरेस ट्रॉम्सो येथें झालेल्या पाहणींत पुष्कळ कॉफी पिणाऱ्यांच्या रक्तांत कोलेस्टेरॉल अधिक आढळलें. हें १९८३ सालीं प्रसिद्ध झालें. तिकडे कॉफी उकळून पिण्याची चाल होती. पुढें दोष सांपडला तो मुख्यतः पुडींतील कॅफेस्टॉल नांवाच्या द्रव्याचा. उकळलेल्या कॉफींत तें उतरतें. कागद तें बहुतेक सारें अडवितो.

तेव्हां घरीं पूड शक्यतों ताजी दळलेली घ्यावी, दीडशें मिलिलिटर पाण्यास सुमारें १० ग्रॅम. पाण्यास उकळी आली, कीं उतरून अर्धा मिनिट थांबावें. प्रथम थोडेंसें ओतून पूड भिजूं द्यावी, मग उरलेलें बारीक धारेनें ओतावें. तीन-चार मिनिटांत झिरपणें पुरें व्हावें. त्यापुढें चोथा पिळला, तर कडवटपणा तेवढा हातीं लागतो. कागद नसेल, तर दक्षिणेंतील दुमजली फिल्टर आहेच. त्याचें तत्त्व रम्फर्डच्या भांड्याचेंच. दूध वेगळें तापवावें. आणि जायफळ? तें सोडावयास सांगण्याचें धाडस मी करणार नाहीं. फक्त तें त्या दुधांत किसावें.